मदत हवी आहे: रविवारी मॅरेथॉन आहे, पहाटे काय खाऊ?

सांजवारा (मंगळवार, रात्री ९:४०)

रविवारी शर्यत आहे. जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय. एक म्हणतो दोन दिवस भात चेपा, दुसरा म्हणतो उपाशी पळा, तिसरा बिटाचा रस प्या म्हणतो. मला एवढंच सांगा: शनिवारी रात्री काय खायचं, रविवारी पहाटे काय खायचं आणि पाणी किती प्यायचं. मागच्या दोन्ही लांब पळण्यांत २५-२६ च्या पुढे पायातलं त्राणच गेलं, पोटातही ढवळत होतं. पाच महिने तयारी केलीय, ती पोटापायी वाया जायला नको. लिंका नकोत, अनुभव हवेत. लवकर सांगा प्लीज.

मंदगती (रात्री ९:५८)

पूर्ण मॅरेथॉनच ना? २५-२६ म्हणताय म्हणून विचारतोय. शर्यत किती वाजता सुटते? वजन किती? किती वेळात संपेल असा अंदाज आहे? आणि मुख्य म्हणजे लांब पळायला जाताना आत्तापर्यंत काय खात होतात? हे कळल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही.

पाचवा_टप्पा (रात्री १०:०५)

भात. डोळे मिटून भात. मी सहा पूर्ण मॅरेथॉन भातावर पळलोय. शनिवारी रात्री ताट भरून भात घ्यायचा, वर दोन उकडलेले बटाटे. बाकी सगळं थोतांड आहे.

कोरडी_विहीर (रात्री १०:१७)

काहीही खाऊ नका. माणसाच्या अंगात चरबी किती असते माहीत आहे का? एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. ती वापरायची शरीराला सवय लावा. मी दोन वर्षांपासून साखर, भात, ब्रेड सगळं बंद केलंय आणि ३० किमी फक्त पाण्यावर पळतो.

मंदगती (रात्री १०:३१)

विहीरभाऊ, चार दिवसांवर शर्यत आली असताना त्यांना हे सांगू नका. चरबी अंगात भरपूर असते हे खरं, पण तेवढीच ऊर्जा चरबीतून काढायला कर्बोदकांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. हळू पळताना चालून जातं, वेग वाढवला की गाडी अडते. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी अव्वल दर्जाच्या चालण्याच्या स्पर्धकांवर हेच तपासलं होतं, २०१७ साली ते छापून आलं. कर्बोदकं जवळपास बंद केलेल्यांची चरबी जाळायची क्षमता खूप वाढली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि सराव करूनही शर्यतीची वेळ सुधारलीच नाही.

कोरडी_विहीर (रात्री १०:४०)

ते ऑलिंपिकच्या तोडीचे लोक. आपण काय पदकासाठी पळतोय का? मला भिंत, म्हणजे मध्येच अंगातलं त्राण संपून पाय अडणं, कधीच लागली नाही, एवढं मला पुरे.

सांजवारा (रात्री १०:५२)

तुमचं भांडण नंतर. हो, पूर्ण, ४२.१९५. सुटते पहाटे साडेपाचला. वजन ६८. पावणेपाच तासांत संपली तर खूश. पळायच्या आधी काही खात नाही, फक्त एक कप दुधाची कॉफी. पहाटे घास घशाखाली उतरत नाही. वाटेत विसाव्या किलोमीटरला अर्धा लिटर पाणी. दोन जेल (पळताना खायची गोड पाकाची पाकिटं) घेऊन ठेवलीत, अजून फोडली नाहीत.

घामटपका (रात्री ११:०४)

नवीन मोजे अजिबात घालू नका. मांड्यांना आणि काखेत पेट्रोलियम जेली लावा. माझी पहिली मॅरेथॉन मोज्यांनी खाल्ली. अठराव्या किलोमीटरला टाचेचा फोड फुटला होता.

मंदगती (रात्री ११:२६)

सांजवारा, तुमच्या पायांना काही झालेलं नाही. इंधन संपतंय. ढोबळ हिशोब करा. पळताना किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जाते. ६८ गुणिले ४२, म्हणजे साडेअठ्ठावीसशेच्या आसपास. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतं ५०० ग्रॅमच्या घरात, म्हणजे २००० कॅलरी. उरलेलं चरबी देते, पण ग्लायकोजेन तळाला गेलं की पाय शिशाचे होतात.

आता पहाटेचं. झोपेत स्नायूंमधला साठा जवळपास तसाच राहतो, यकृतातला मात्र रात्रभरात बराच उतरतो आणि रक्तातली साखर सांभाळायचं काम यकृताचं असतं. म्हणून पहाटेचा नाश्ता हवा. नुसत्या कॉफीवर निघालात तर यकृताची टाकी सुरुवातीलाच बरीच रिकामी.

पाचवा_टप्पा (रात्री ११:३५)

मी तेच म्हणतोय. भात.

मंदगती (रात्री ११:४९)

भाताला माझा विरोध नाही, फक्त शनिवारी रात्री एकदाच ताट भरण्याला आहे. रात्रीचं ते ओझं पहाटे साडेपाचला पोटातच असतं. साठा भरायला शुक्रवार दुपारपासून सुरुवात करा, ३६ ते ४८ तास. क्रीडा-आहाराचं प्रमाण आहे दिवसाला किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं. तुम्हाला ६८० ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ च्या आसपास असतात, म्हणजे एकट्या भातावर गेलात तर दिवसाला जवळजवळ अडीच किलो भात! एवढा कोण खाणार? म्हणून वाटून घ्यायचं: भात, ब्रेड, बटाटा, मध, केळी, फळांचा गाळलेला रस. तेलतूप आणि मांस कमी, नाहीतर पोट आधीच भरतं. ६८० नाही जमले, ५०० गेले तरी आजच्यापेक्षा पुष्कळ. शनिवारी मोठं जेवण दुपारी, रात्रीचं साधं आणि लवकर. कडधान्यं, कच्च्या भाज्या, सालासकट फळं शनिवारी बंद.

आणि रविवारी काट्यावर एखाददोन किलो जास्त दिसले तर घाबरू नका. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. ते पाणी असतं, चरबी नाही.

दूरचा_दिवा (बुधवार, सकाळी ७:१२)

साठा भरायच्या आधी तीन दिवस कर्बोदकं बंद करून टाकी रिकामी करायची असते ना? आमच्या वेळी तसंच करायचो.

मंदगती (सकाळी ७:४०)

ती १९६० च्या दशकातली स्वीडिश पद्धत, काका. स्नायूचा बारीक तुकडा काढून ग्लायकोजेन मोजायची सोय तेव्हा नुकतीच झाली होती, त्या प्रयोगांतून ती आली. पुढे १९८० च्या सुमारास कळलं की सराव कमी करून नुसतं जास्त खाल्लं तरी साठा जवळपास तेवढाच भरतो. ते तीन दिवस चिडचिड आणि चक्कर सोसायची गरज नाही.

दूरचा_दिवा (सकाळी ८:०५)

बरं झालं कळलं. अवांतर: खाण्याचा आणि भिंतीचा संबंध त्याच्याही आधीचा आहे. १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे सर्वांत वाईट अवस्थेत पोचले त्यांची साखर खूप खाली गेलेली. १९२५ ला आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं दिली, वाटेत गोळ्याचॉकलेटं दिली, आणि तीच माणसं ताजीतवानी पोचली. त्याआधी १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये तर थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजली होती. स्ट्रिक्निन म्हणजे उंदीर मारायचं विष! तो जिंकला, पण शेवटी त्याला अक्षरशः धरून आणावं लागलं. हे वाचलं की आपल्या केळ्याची किंमत कळते.

निळी_बाटली (सकाळी ९:३०)

पाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. माझ्या पहिल्या मॅरेथॉनला सगळे बजावत होते, तहान लागायच्या आत पी. मी ऐकलं. प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले, सव्वापाच तास. तिसाव्याला अंगठी बोटात रुतली. मला वाटलं, उन्हाने हात सुजलाय. मग डोकं ठणकायला लागलं, संपल्यावर उलट्या. मंडपातल्या एकाने डिहायड्रेशन समजून आणखी पाणी पाजलं. रुग्णालयात रक्त तपासलं तर सोडियम १२६. १३५ च्या खाली गेलं की कमी धरतात. नवऱ्याने नंतर सांगितलं, मी त्याला ओळखत नव्हते.

२००२ च्या बोस्टनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेले जास्त करून त्यात होते. म्हणजे तुमच्यामाझ्यासारखेच, सांजवारा. तहान लागली की प्या. दिसेल ते टेबल रिकामं करू नका. माझी हात जोडून विनंती आहे.

पाचवा_टप्पा (सकाळी ९:४४)

मीठ घातलेलं पाणी प्यायलं की हा धोका राहत नाही.

निळी_बाटली (सकाळी ९:५१)

नाही, दादा. क्रीडापेयातलं मीठ रक्तातल्यापेक्षा खूप कमी असतं. गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर त्यानेही रक्त पातळच होतं. मी त्या दिवशी निम्मं तेच प्यायले होते.

कोरा_कागद (सकाळी १०:२०)

माझ्या मुलीची शाळेची ५ किमीची शर्यत आहे. तिला पण दोन दिवस भात द्यायचा का?

मंदगती (सकाळी १०:३३)

नको. साठा भरणं दीड तासाहून लांब शर्यतींसाठी. तिला नेहमीचं जेवण, आणि दोन तास आधी एक केळं. बस.

औषधपेटी (दुपारी १:१५)

मी फार्मसिस्ट आहे. सांजवारा, पोटात ढवळतं म्हणालात. दुधाचं कारण असू शकेल, पण एक विचारते. पळायच्या आधी कुठली गोळी घेता का?

सांजवारा (दुपारी २:०२)

गुडघ्यासाठी घेतो. आयब्युप्रोफेन, निघायच्या अर्धा तास आधी. गेल्या महिन्यापासून, लांब पळायचं असेल तेव्हाच. पण त्याचा खाण्याशी काय संबंध?

औषधपेटी (दुपारी २:१९)

खूप आहे. लांब पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, पोटाला आणि मूत्रपिंडांना कमी मिळतं. तुम्ही वर रिकाम्या पोटी ही गोळी टाकता, म्हणजे जठराचं अस्तर आणखी उघडं पडतं. मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि निळीताईंनी सांगितलेला सोडियमचा धोकासुद्धा वाढतो. "पोटात अन्न ठेवून घेतली तर चालेल का" असं विचाराल. शर्यतीच्या दिवशी नाही. गोळीशिवाय गुडघा चालत नसेल तर रविवारच्या आधी डॉक्टरांना दाखवा. हे मी काउंटरवर रोज सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत, तुम्ही ऐका.

कोरडी_विहीर (दुपारी २:४०)

या मुद्द्यावर ताईंशी शंभर टक्के सहमत. माझं पोट मोकळं असतं ते उगाच नाही.

सांजवारा (दुपारी ३:१०)

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. गोळी बंद. पण पहाटे काय खाऊ ते अजून कोणी सांगितलं नाही! आणि सगळे म्हणतात शर्यतीच्या दिवशी नवीन काही करू नका. मग मी आजवर खाल्लंच नाही, तर खाणंच नवीन झालं ना?

मंदगती (दुपारी ३:३८)

म्हणूनच उद्या रंगीत तालीम करा. गुरुवारी पहाटे अडीचला उठा, खा, साडेपाचला सात-आठ किलोमीटर आरामात पळा. नाश्ता शर्यतीच्या तीन तास आधी. प्रमाण एक ते चार तास आधी किलोमागे एक ते चार ग्रॅम. तुम्ही दोनपासून सुरू करा, १३६ ग्रॅम. ताटात असं: पांढऱ्या ब्रेडचे चार स्लाइस, त्यावर मिळून दोन मोठे चमचे मध, एक मोठं केळं, ३०० मिली क्रीडापेय. ब्रेडचे ५५ च्या आसपास, मधाचे ३४, केळ्याचे ३० आणि पेयाचे १८ ते २०. झाले. लोणी नको, दूध नको. घास उतरत नसेल तर अर्धा ब्रेड कमी करून मध पाण्यात घालून प्या. द्रव पहाटे लवकर उतरतो.

पाणी दोन ते चार तास आधी किलोमागे ५ ते १० मिली. तुमचं ३४० ते ६८०, त्यात ते पेय धरलं. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरे. कॉफी घेत असालच तर काळी, तासभर आधी, नेहमी घेता तेवढीच.

वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. जेलमध्ये २० ते २५ असतात. तुम्हाला दोन पुरणार नाहीत, सहा-सात घ्या. पहिलं चाळिसाव्या मिनिटाला, भूक लागायची वाट न बघता. बरोबर घोटभर साधं पाणी, क्रीडापेय नाही, नाहीतर पोटात पाक साचतो. यातलं एक उद्याच फोडून बघा.

घामटपका (दुपारी ४:०५)

आणि जेलच्या पाकिटाचं फाडलेलं टोक तोंडाला कापतं. कडेने फाडा.

सांजवारा (गुरुवार, सकाळी ७:५०)

तालीम झाली. अडीचला स्वयंपाकघरात दिवा लावला तर बायको उठून आली, काय झालं म्हणून. तिसरा स्लाइस चावून चावून संपवला, चौथा नाही गेला, त्याऐवजी मधाचं पाणी. साडेपाचला पोट हलकं होतं. आठ पळालो. जेल भयानक गोड आहे, पण पोटात राहिलं. ढवळलं नाही. गोळी घेतली नव्हती, गुडघा सहाव्याला बोलायला लागला. उद्या डॉक्टरांकडे जातोय.

औषधपेटी (सकाळी ८:१६)

मनापासून आभार. काय म्हणाले ते कळवा.

सांजवारा (रविवार, दुपारी १:३०)

४ तास ५८ मिनिटं. डॉक्टर म्हणाले गुडघ्यात सूज नाही, दुखलं तर चाला, हट्ट करू नका. ३६ ते ३८ चाललो, गुडघ्यामुळे. सहा जेल गेली, सातवं दिलं एकाला, तो कठड्यावर डोकं धरून बसला होता. पाणी तहानेपुरतं. अंगठी सैल आहे, निळीताई, दर टेबलाला तपासत होतो. २६ आला आणि गेला, मला कळलंसुद्धा नाही. पोटाने एकदाही त्रास दिला नाही.

पाचवा_टप्पा (दुपारी १:४१)

अभिनंदन! शनिवारी भात किती खाल्लात?

कोरडी_विहीर (दुपारी १:५५)

अभिनंदन. पण सहा जेल खाऊनही ३६ ला चालावं लागलंच ना?

मंदगती (दुपारी २:०३)

गुडघ्यामुळे म्हणालेत ते, विहीरभाऊ. सांजवारा, आता बसू नका, तासाभरात काहीतरी नीट जेवा. आज मांस, डाळी, भाज्या सगळं चालेल.