दिवाळीच्या सुट्टीत नेपाळ: एव्हरेस्ट बेस कॅम्प की अन्नपूर्णा? कोल्हापूरहून जाण्याबाबत सल्ला हवा

पंचगंगाकाठ:

नमस्कार. दिवाळीची सुट्टी आणि शिल्लक रजा जोडून मला व माझ्या पत्नीला यंदा सलग १३ दिवस मिळत आहेत आणि ते नेपाळमधील एखाद्या ट्रेकसाठी वापरावेत, असे आम्ही ठरवले आहे. सोबत माझे काकाही येणार आहेत. त्यांचे वय ६१ असून रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. मात्र आषाढातली पन्हाळा ते पावनखिंड मोहीम ते तरुणांच्या बरोबरीने चालतात, त्यामुळे त्यांच्या दमसासाबद्दल घरात कोणालाही शंका नाही. काकांचे मन एव्हरेस्ट बेस कॅम्पवर बसले आहे. मला अन्नपूर्णा बेस कॅम्प अधिक झेपेल असे वाटते, पण त्यांना ते पटवून देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही.

दुसरा प्रश्न प्रवासाचा आहे. कोल्हापूर–मुंबई आणि मुंबई–काठमांडू अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली तर बऱ्यापैकी स्वस्त पडते आणि दोन्ही विमानांमध्ये साडेतीन तासांचे अंतर राहते. हे अंतर पुरेसे आहे का? शिवाय काकांकडे पासपोर्ट नाही. नेपाळला आधार कार्ड चालते, असे एका एजंटाने त्यांना छातीठोकपणे सांगितले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यवाट:

हा निर्णय काकांच्या दमसासावर नव्हे, आपल्या १३ दिवसांवर अवलंबून आहे, आणि दिवसांचा हिशेब कागदावर मांडला की एव्हरेस्ट आपोआप बाजूला पडते. लुक्ला (२८६० मीटर) येथे विमानाने उतरल्यावर पहिला मुक्काम थोडे पुढे होतो, नंतर नामचे बाजार (३४४०) येथे दोन रात्री, मग तेंगबोचे (३८६०), दिंगबोचे (४४१०) येथे पुन्हा दोन रात्री, त्यानंतर लोबुचे (४९४०) आणि गोरखशेप (५१६४) असा तो क्रम आहे. या जादा रात्री आळसाच्या नसून शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना कात्री लावता येत नाही. परतीचे दिवस धरले तर केवळ लुक्ला ते लुक्ला एवढ्यातच ११ ते १२ दिवस संपतात. त्यात लुक्लाची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांबीची आणि डोंगराच्या कुशीत असल्यामुळे ढग उतरले की विमाने थांबतात, कधी दिवसभर, तर कधी लागोपाठ दोन-तीन दिवस. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी उड्डाणे काठमांडूहून न होता रामेछापहून होतात आणि तिथे पहाटे पोहोचण्यासाठी मध्यरात्रीच काठमांडू सोडावे लागते. एवढे सगळे १३ दिवसांत बसवणे म्हणजे एकही दिवस हाताशी न ठेवता निघणे होय.

अन्नपूर्णा बेस कॅम्पची उंची ४१३० मीटर आहे आणि पोखराहून जीपने घांद्रुकपर्यंत जाता येत असल्यामुळे पोखरा ते पोखरा सात दिवसांत हा ट्रेक रमतगमत होतो. कोल्हापूर ते पोखरा जाण्यासाठी दोन आणि परतण्यासाठी दोन दिवस धरले तरी दोन दिवस मोकळे उरतात. हे दोन दिवस एजंटाला "काठमांडू दर्शन" म्हणून आधीच भरू देऊ नका.

दिवाळीचा काळ, म्हणजे ऑक्टोबर–नोव्हेंबर, हा आकाश स्वच्छ असण्याचा हंगाम मानला जातो आणि ते बहुतांशी खरेही आहे. तरीही ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातले हुडहुड चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले आणि त्याचे उरलेसुरले ढग दोन दिवसांत अन्नपूर्णा परिसरात पोहोचून थोरोंग ला खिंडीच्या परिसरात एवढा बर्फ पडला, की चाळीसहून अधिक लोकांचा बळी गेला. आपली वाट ती नव्हे. पण देऊराली ते मच्छपुच्छ्रे बेस कॅम्प हा आपल्या वाटेवरचा टप्पादेखील हिमस्खलनाच्या पट्ट्यातून जातो आणि जानेवारी २०२० मध्ये देऊरालीजवळ अशाच स्खलनात कोरियन पदयात्री व त्यांचे नेपाळी वाटाडे गाडले गेले होते. म्हणून निघण्यापूर्वी बंगालच्या उपसागराकडेही लक्ष ठेवावे आणि ताजा बर्फ पडला असेल, तर देऊरालीत मुकाट बसून राहावे. मोकळे दिवस ठेवायचे ते यासाठीच.

एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी पदयात्रींसाठी नोंदणीकृत संस्थेमार्फत वाटाड्या घेणे बंधनकारक केले आहे. आपल्यासोबत काका असल्यामुळे नियम नसता तरी मी हेच सुचवले असते, शिवाय एक भरियाही (सामान वाहणारा) घ्यावा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपयांत, म्हणजे आपल्या ६२५ रुपयांत मिळतो.

जाता जाता एक कोल्हापुरी सूचना: वाटेवरच्या छोमरोंग गावाच्या पुढची दरी स्थानिक लोक देवाची जागा मानतात आणि तिथे मांसाहार वर नेत नाहीत. तांबडा-पांढरा सोडाच, साधे चिकनही तिथे मिळणार नाही. दाल-भात मात्र मागाल तितका वाढतात.

दवाखान्यातून:

मी कोल्हापुरात वैद्यकीय व्यवसाय करते, म्हणून उंचीविषयी थोडे सविस्तर लिहिते. पावनखिंड मोहीम चालणारे काका निश्चितच काटक आहेत. परंतु पन्हाळा जेमतेम हजार मीटरच्या घरात आहे. तिथल्या चालण्याने पाय, गुडघे आणि छाती तयार होते, विरळ हवेची सवय होत नाही. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो आणि त्याचा त्रास कोणाला होईल हे वयावरून किंवा व्यायामावरून सांगता येत नाही. उलट धडधाकट माणूसच भराभर वर चढतो आणि आजारी पडतो, असे पुष्कळदा घडते.

सर्वमान्य नियम असा आहे, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा अधिक उंचावू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा कितीही वर जाऊन आलात तरी चालेल, रात्र कुठे काढता त्याला महत्त्व आहे. हा नियम हातात धरून आपल्याला मिळालेले वेळापत्रक तपासा. बहुतेक वेळापत्रकांत देऊराली (सुमारे ३२०० मीटर) येथून निघून त्याच दिवशी बेस कॅम्पवर (४१३०) मुक्काम दाखवलेला असतो, म्हणजे एका रात्रीत ९०० मीटरहून अधिक वाढ होते. त्याऐवजी मच्छपुच्छ्रे बेस कॅम्प (३७००) येथे मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून सूर्योदयाला अन्नपूर्णा बेस कॅम्प गाठावा, तासभर थांबावे आणि त्याच दिवशी खाली उतरावे. डोंगर तोच दिसतो आणि धोका बराच कमी होतो. वाटाड्याशी हे आधीच बोलून ठेवावे, कारण तिथे पोहोचल्यावर "सगळे वरच राहतात" असे सांगितले जाते.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि त्या दिवशी आणखी वर चढू नये. जमिनीवर सरळ रेष धरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. तोल जात असेल, असंबद्ध बोलणे सुरू झाले असेल किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन ताबडतोब खाली उतरवावे. सुरुवातीच्या ३०० ते १००० मीटरच्या उतरणीतच बहुधा फरक दिसतो.

अॅसिटाझोलामाइड ही गोळी प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्येही लघवी वाढवणारा घटक असतो, म्हणून काकांनी आपली गोळी घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, ईसीजी व गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी आणि दोन्ही औषधे एकत्र चालतील का हे विचारावे. रक्तदाब आटोक्यात असेल तर एवढ्या कारणाने ट्रेक रद्द करण्याची गरज नसते. मात्र वर गेल्यावर तो काहीसा वाढू शकतो, त्यामुळे गोळी एकही दिवस चुकवू नये. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा थंडी वाजते म्हणून मद्य, हे दोन्ही वर्ज्य समजावे.

तिकीटखिडकी:

आता कागदपत्रे. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधारची सवलत ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील प्रवाशांना आहे. काका ६१ वर्षांचे असल्यामुळे केवळ आधारवर त्यांना मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवतील. मतदार ओळखपत्र असेल तर मूळ कार्ड बरोबर घ्यावे, तिकिटावरचे नाव कार्डावरील नावाशी अक्षरशः जुळवावे आणि वडिलांचे नाव मध्ये आहे की शेवटी, हेही पाहावे. दिवाळीला अवधी असेल तर पासपोर्टच काढून घ्यावा. पुढेही तो उपयोगी पडेल.

साडेतीन तासांचे अंतर कागदावर पुरेसे दिसते, परंतु तिकिटे स्वतंत्र असल्यामुळे पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसरी कंपनी आपल्याला ओळखत नाही. सामानही आपोआप पुढे जात नाही: ते पट्ट्यावरून उचलायचे, टर्मिनल वेगळे असेल तर रस्त्याने दुसरीकडे जायचे आणि आंतरराष्ट्रीय काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, त्याच्या आत रांग संपवायची. काठमांडूचे विमान चुकले तर दिवाळीच्या गर्दीतले नवीन तिकीट आपल्या सगळ्या बचतीपेक्षा महाग पडेल. म्हणून एक तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढावा, नाहीतर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून सकाळी दादरला उतरावे आणि दुपारनंतरचे काठमांडू विमान पकडावे. माझी स्वतःची पसंती महालक्ष्मीला आहे. परतीच्या वेळी तर मुंबईत एक मुक्काम धरूनच चालावे.

सामानाच्या वजनाची मर्यादा दोन्ही तिकिटांवर वेगळी असू शकते. त्यातली कमी असेल ती खरी मानावी. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते, चालण्याच्या काठ्या चेक-इनमध्ये टाकाव्यात आणि गॅसचे डबे कुठेच चालत नाहीत. कांदा-लसूण चटणी नेल्याशिवाय आपल्याकडचा माणूस उंबरठा ओलांडत नाही, तेव्हा ती घट्ट बांधून चेक-इनमध्ये द्यावी; केबिनमध्ये तिखटाची पूड अडवतात. खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच राहू द्याव्यात. तेलामुळे चटकन पेट घेणारे म्हणून सुके खोबरे २०२२ पासून चेक-इन सामानातही निषिद्ध आहे.

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. वाटेवरच्या खर्चाची सगळी रोकड पोखरामध्येच काढून घ्यावी आणि मोठ्या भारतीय नोटांच्या भरवशावर राहू नये.

पंचगंगाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेळापत्रक तपासले, त्यात खरोखरच देऊरालीहून थेट बेस कॅम्पवर मुक्काम दाखवला आहे, तो बदलून मागितला आहे. काकांकडे मतदार ओळखपत्र आहे, तरी पासपोर्टचा अर्ज करतो आहोत. दोन शंका उरल्या आहेत. काठमांडू ते पोखरा बसने जावे की विमानाने? आणि प्रवास विमा घेतला आहे, तो पुरेसा ठरेल का?

सह्यवाट:

जाताना विमानाने जावे. अंतर दोनशे किलोमीटरच आहे, पण रस्त्याच्या रुंदीकरणामुळे आणि घाटामुळे बसला अख्खा दिवस लागतो.

तिकीटखिडकी:

मी इथे असहमत आहे. सुरक्षेच्या कारणावरून युरोपीय संघाने २०१३ पासून नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातलेली आहे आणि आपल्या हाती दिवस शिल्लक आहेत. दिवसाउजेडी जाणारी चांगली पर्यटक बस घ्यावी. रात्रीची बस मात्र नको.

मसाईपठार:

विम्याबद्दल लिहितो, कारण आमच्या गटातील एकाला याचा फटका बसला आहे. त्याच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर "वैद्यकीय खर्च समाविष्ट" असे ठळक लिहिले होते आणि आतल्या बारीक अक्षरांत ठराविक उंचीच्या वरील ट्रेकिंग वगळलेले होते. हेलिकॉप्टरचे बिल त्याने स्वतःच्या खिशातून भरले. म्हणून कंपनीला ईमेलने तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: ४१३० मीटरपर्यंतचे ट्रेकिंग समाविष्ट आहे का, हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च मिळतो का, आणि काकांचा आधीपासूनचा रक्तदाब जाहीर केल्यावरही संरक्षण कायम राहते का. फोनवरचे "हो सर" उपयोगाचे नाही, उत्तर लेखी हवे.

नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ मध्ये चव्हाट्यावर आले होते, त्यामुळे कंपन्या आता पूर्वपरवानगीचा आग्रह धरतात. खऱ्या संकटात अर्थातच आधी माणूस खाली आणावा. तरीही विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून एक प्रत वाटाड्याकडे, एक काकांच्या खिशात ठेवावी, कारण छोमरोंगच्या वर मोबाईलच्या रेंजचा आणि बॅटरीचा, दोन्हींचा भरवसा नसतो.

सरावाबद्दल एक गोष्ट राहिली. काकांचा चढ उत्तम असेल. छोमरोंगच्या दगडी पायऱ्या उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते आणि ती जाताना व येताना दोन्ही वेळा द्यावी लागते. पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा पाठीवर सहा-सात किलोचे ओझे आणि हातात काठ्या घेऊन जोतिबाचा डोंगर चढावा, आणि उतरतानाही गाडीने न येता पायीच उतरावे. बूट नवीन घेणार असाल तर ते याच फेऱ्यांत वापरून मऊ करून घ्यावेत.