मान धरलीय, कोणी काही सांगेल का?

बी-३०२: नमस्कार मंडळी. दोन आठवडे झाले, मान उजवीकडे वळतच नाही. घरून काम सुरू झाल्यापासून लॅपटॉप पलंगावरच घेऊन बसते. मलम लावलं, शेकलं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कोणाला असा त्रास झालाय का?

सी-१०१: मला आहे, बरेच महिने. मी मानेचा पट्टा लावतो दिवसभर. हवा तर देतो.

डी-२०३: आमच्या बाराव्या वर्षातल्या चिरंजीवांचीही मान दुखते म्हणे! सतत पोक काढून मोबाइल. ओरडून थकलो.

ए-५०४: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. मान सरळ असली की ते मणक्यांवर नीट तोललं जातं. मान वाकली की डोकं पुढे लोंबतं आणि मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. केनेथ हंसराज या शल्यविशारदांनी २०१४ मध्ये हा हिशोब मांडला होता: ६० अंश वाकलेल्या मानेवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. तो संगणकावरच्या मॉडेलचा आकडा आहे, त्यामुळे घाबरू नका. पण रोज इतकी माणसं बघते, त्यावरून सांगते, खरा त्रास वाकण्यापेक्षा तासन्‌तास तसंच राहण्याचा असतो. अगदी ताठ बसूनही दोन तास हललं नाही तर मान आखडतेच.

ए-५०४: लॅपटॉपची मुळातच अडचण अशी की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली. म्हणून लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, आणि कीबोर्ड-माउस वेगळे घ्या. पलंग मात्र सोडाच. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला, खांदे फिरवा. हनुवटी वर न उचलता सरळ मागे न्या, पाच सेकंद धरा, दहा वेळा. दुखलं तर थांबा.

बी-३०२: आजच टेबलावर बसते. कीबोर्ड नाहीये पण.

डी-२०३: माझ्याकडे जास्तीचा आहे, संध्याकाळी आणून देतो. आणि मुलाचं काय करू?

ए-५०४: ओरडू नका, दादा. मोबाइल छातीपाशी न धरता तोंडासमोर धरायला सांगा, कोपरांखाली उशी द्या म्हणजे हात दुखणार नाहीत. आणि रोज धावू-खेळू द्या, ते सगळ्यात महत्त्वाचं. तरीही दुखणं गेलं नाही तर एकदा दाखवून घ्या.

सी-१०१: मग माझा पट्टा चालू ठेवू ना? हल्ली बोटांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो. वय झालं, दुसरं काय.

ए-५०४: काका, हे वयावर ढकलू नका. बटणं लावता न येणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण असू शकते. सगळ्यांनाच असं होत नाही, पण तपासायलाच हवं. मालिश किंवा मान मोडून घेणं पूर्ण बंद. याच आठवड्यात अस्थिरोग किंवा मेंदू-मज्जा तज्ज्ञांना दाखवा. हातापायातली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर वाट न बघता थेट रुग्णालयात.

ए-५०४: आणि पट्ट्याचं त्यांनाच विचारा. महिनोन्‌महिने लावला की मानेचे स्नायू अशक्त होतात. बी-३०२ ताई, तुम्ही तो घेऊ नका.

बी-३०२: नाही घेत. काका, उद्या मला सुट्टी आहे. तुमच्याबरोबर येऊ का दवाखान्यात?

सी-१०१: ये बाळ. दहाची वेळ मिळाली आहे, आत्ताच फोन केला.