शब्दचर्चा : ‘क्यूएसएल’ म्हणजे पावती, पोच की दुजोरा?

प्रश्न : हौशी रेडिओविषयीच्या, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संपर्क साधणाऱ्यांविषयीच्या मराठी लेखनात, संपर्कानंतर एकमेकांना पाठवल्या जाणाऱ्या ‘क्यूएसएल कार्ड’ला ‘पावती’ म्हणावे का? कार्डाचा संबंध नसतानाही बोलण्याच्या ओघात ‘क्यूएसएल’ म्हटलेले ऐकू येते, त्याचा अर्थ काय?

उत्तर : ‘क्यूएसएल’ ही कोणत्याही शब्दांची आद्याक्षरे नव्हेत. जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रे यांच्यातील बिनतारी संदेश आटोपशीर व्हावेत म्हणून ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत ठरले आणि १९१२च्या लंडन परिषदेत त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यांपैकी या संकेताचा आजचा अर्थ ‘संदेश मिळाल्याची पोच देतो’ असा आहे. प्रश्नार्थक केल्यास ‘पोच देता का?’ असा होतो. बोलताना ‘क्यूएसएल’ म्हणतात ते याच अर्थाने, आणि तेथे ‘पोच’ हा शब्द चपखल बसतो. ‘पावती’ म्हटले की पैसे किंवा वस्तू घेतल्याचा कागद डोळ्यांसमोर येतो, म्हणून ती टाळावी.

कार्डाचे काम मात्र पोच देण्याहून मोठे आहे. त्यावर दोन्ही केंद्रांची संकेतनामे, तारीख, जागतिक प्रमाणवेळ, कंप्रता किंवा बँड (कंप्रतांचा पट्टा), प्रसारणाचा प्रकार आणि संदेश किती स्पष्ट व जोरकस ऐकू आला याचा अहवाल असतो. पाठवणारा हे सारे आपल्या नोंदवहीतून उतरवतो आणि घेणारा ते आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. जागतिक प्रमाणवेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असल्याने पुण्यातून १५ तारखेच्या पहाटे २ वाजता झालेला संपर्क कार्डावर १४ तारखेचा, २०:३० वाजताचा असतो. येथे तारीख चुकली की नोंदी जुळत नाहीत. शंभर देश-प्रदेशांशी संपर्क सिद्ध केल्यावर मिळणाऱ्या ‘डीएक्ससीसी’ या मानाच्या पुरस्कारासाठी खाडाखोड केलेले कार्ड ग्राह्य धरत नाहीत. एकाने सांगितलेल्या गोष्टीची दुसऱ्याने स्वतंत्रपणे खातरजमा करून देणे याला मराठीत ‘दुजोरा’ हा सरळ शब्द असताना तो सोडू नये, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. लेखात प्रथम ‘संपर्काला दुजोरा देणारे कार्ड, म्हणजेच क्यूएसएल कार्ड’ असे लिहावे आणि पुढे रूढ नावच ठेवावे.

उपप्रश्न : कार्डाच्या कोपऱ्यात ‘पीएसई’ आणि ‘टीएनएक्स’ असे दोन चौकोन असतात. त्यांचा मराठी अर्थ कसा द्यावा?

उत्तर : पहिल्या चौकोनात खूण असेल तर ‘कृपया आपले कार्ड पाठवावे’ आणि दुसऱ्यात असेल तर ‘आपले कार्ड मिळाले, आभारी आहे’ असा अर्थ घ्यावा. ‘व्हाया ब्युरो’ असे लिहिलेले असल्यास कार्ड त्या त्या देशातील संघटनेच्या कार्यालयामार्फत, गठ्ठ्याने जाते. ‘डायरेक्ट’ म्हणजे थेट टपालाने, आणि त्या वेळी उत्तराच्या टपालखर्चाची सोय मागणाऱ्याने करावी असा रिवाज आहे.

आणखी एक भेद लेखनात पाळावा. आकाशवाणीसारख्या प्रसारण केंद्रांनी श्रोत्यांना पाठवलेल्या कार्डांनाही ‘क्यूएसएल कार्ड’च म्हणतात, परंतु तेथे दुतर्फा संभाषण झालेले नसते. श्रोता आपण काय व कसे ऐकले ते कळवतो आणि केंद्र त्याचे वर्णन पडताळून उत्तर देते. म्हणून त्या कार्डाविषयी लिहिताना ‘संपर्काला दुजोरा’ न म्हणता ‘श्रवण-अहवालाला दुजोरा’ म्हणावे.