मदत हवी आहे: 'डबीर' आडनावाचं मूळ गाव आणि पांगलेली घराणी

नमस्कार मंडळी,

मी माहेरची डबीर. फोनवर हे आडनाव सांगताना 'डमरूतला ड' असं दर वेळी सांगावं लागतं, आणि तरी पलीकडून 'कबीर का?' असं येतंच. शाळा, कॉलेज, नोकरीची तीस वर्षं, एवढ्या काळात घराबाहेरचे डबीर मला दोनच भेटले, एक नागपूरचे आणि एक पुण्याचे. दोघांचंही गोत्र आमच्यापेक्षा वेगळं निघालं. आमचं भारद्वाज, कुलदैवत तुळजापूरची भवानी.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीपासून त्यांनी एकच ध्यास घेतलाय, आपलं मूळ गाव कळायला हवं. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ते सांगता आलं नाही, कारण १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आजोबांचे आईवडील पंधरा दिवसांच्या अंतराने गेले. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. मामाने त्यांना खामगावला नेऊन वाढवलं. डबीरांच्या घरातून त्यांच्यासोबत आलं ते एक तांब्याचं घंगाळ. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, आधी पणजोबांच्या नावाची दोन आद्याक्षरं आणि मग 'डबीर'. 'र'चा शेवटचा ठिपका जोरात पडल्यामुळे तिथे पत्र्याला बारीक भोक आहे. लहानपणी अंघोळीच्या वेळी त्या भोकावर बोट ठेवून पाणी अडवायचा खेळ मी आणि भाऊ दोघंही खेळलोय. पणजोबांबद्दल आम्हाला ठाऊक होतं ते इतकंच.

आता आडनावाबद्दल मी जे वाचून काढलंय ते मांडते. चुकलं असेल तिथे नि:संकोच सुधारा.

डबीर हा मुळात हुद्दा. फारसीत 'दबीर' म्हणजे लेखनिक, पत्रव्यवहार सांभाळणारा. दिल्लीच्या सुलतानांच्या पत्रव्यवहार खात्याचा प्रमुख 'दबीर-इ-खास'. बंगालात अल्लाउद्दीन हुसेन शाहच्या पदरी असताना पुढे वैष्णव संत झालेल्या रूप गोस्वामींनाही हीच पदवी होती, चैतन्य महाप्रभूंकडे जाण्याआधी. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या कारभारात डबीर म्हणजे परराज्यांशी पत्रव्यवहार आणि वकिलाती बघणारा मंत्री. शहाजीराजांनी पुण्याच्या जहागिरीसाठी जी माणसं नेमून दिली त्यांत सोनोपंत डबीर होते. त्यांचे चिरंजीव त्र्यंबकपंत १६६६ साली महाराजांबरोबर आग्र्याला गेले होते. महाराज निसटले, मागे राहिलेले त्र्यंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे पकडले गेले, आणि त्यांचे फार हाल झाले. ही हकिगत बाबा आम्हाला सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. त्यांना मनातून वाटतं की त्र्यंबकपंत आपले. मला पुराव्याशिवाय तसं म्हणवत नाही, आणि म्हणूनच हा धागा काढलाय.

१६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबीराचा सुमंत. त्र्यंबकपंतांचे पुत्र रामचंद्रपंत त्या दिवशी सुमंत म्हणून उभे होते. म्हणजे दरबारातून 'डबीर' हा शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीच उठला, आणि आमच्या घंगाळावर मात्र राहिला. सुमंत आडनावाची घराणीही आहेत. ती आणि डबीर एकाच घरातून फुटलेली असतील का, हा माझा एक प्रश्न.

शब्दाचं मूळ शोधताना तर मी रात्रीचे दोन वाजवले. प्राचीन इराणात 'दिपि' म्हणजे लेख. त्यातून पुढे दबीर. हा 'दिपि' एलामी आणि अक्कादी भाषांतून मागे मागे जात सुमेरी 'दुब' या शब्दापाशी पोचतो. दुब म्हणजे लिहायची मातीची पाटी. सम्राट अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या शिलालेखांत 'दिपि' असाच शब्द आहे, बाकी ठिकाणी 'लिपि'. आपण रोज म्हणतो ती लिपी आणि आमचं आडनाव एकाच कुळातले! संस्कृतातही हा शब्द 'दिविर' होऊन बसला. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत 'दिविरपती' हा अधिकारी भेटतो. आजच्या इराणात माध्यमिक शाळेला 'दबीरस्तान' म्हणतात आणि तिथे शिकवणारा तो दबीर. २००० साली सिडनीला कुस्तीत इराणच्या अलीरझा दबीरने सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा निकालांच्या रकान्यात ते नाव बघून बाबांनी आख्खं घर गोळा केलं होतं. ते कात्रण अजून त्यांच्या पासबुकात आहे.

हैदराबादच्या जुन्या शहरात दबीरपुरा आहे. तटबंदीच्या उरलेल्या दोन दरवाजांपैकी एक तोच. तमिळनाडूत कुंभकोणमला डबीर स्ट्रीट आहे. आत्या तेवढ्यावरून ठामपणे सांगते की आपण तंजावरकडून आलो. बाबा म्हणतात वाईकडून. दोघांकडेही कागद नाही.

मार्च महिन्यात मी आणि भाऊ त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गेलो होतो, यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी त्यांच्या वह्यांत असतात म्हणून. गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, "गाव?" मी म्हटलं, तेच तर शोधतोय. ते म्हणाले, "ताई, नुसत्या आडनावावर वही निघत नाही. डबीर एक नाहीत." मग आजोबांच्या वडिलांचं नाव सांगितलं, त्यांच्या भावांची नावं आत्याने पाठ करून ठेवलेली होती ती सांगितली. दीड तासाने एक लांबट वही निघाली, लाल कापडात बांधलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. शके १८३३, म्हणजे १९११ साल. मजकूर मोडीत, खाली पणजोबांची सही बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. ज्या माणसाचा एक फोटोसुद्धा घरात नाही, त्याच्या हातचं अक्षर! 'डबीर'मधला ड त्यांनी अगदी बाबांसारखा काढलाय, पोट मोठं आणि शेपूट तोकडी. भावाने वही बंद होईपर्यंत एक शब्द काढला नाही.

गुरुजींनी वाचून दाखवलं ते असं : हल्ली वस्ती अकोलें, पूर्वस्थळ 'वा' आणि पुढे पाण्याचा डाग. डागाखाली एक अक्षर आहे. बाबा म्हणतात ते 'ई' आहे, म्हणजे वाई, झालं सिद्ध. मला तितकी खात्री वाटत नाही. आणि अकोल्याला आम्ही मतदारयाद्या चाळल्या, जुन्या शहरात चार ठिकाणी विचारलं, कुणालाही डबीर आठवत नाहीत.

तेव्हा मदत हवी आहे ती अशी. तुमच्या ओळखीत डबीर असतील तर त्यांचं गोत्र, कुलदैवत आणि ऐकीव मूळ गाव विचाराल का? डबीरच्या आधी त्यांचं दुसरं काही उपनाम होतं का? आणि हुद्द्यावरून पडलेल्या आडनावाचं मूळ शोधायचं तर कुठले कागद बघतात? मला मोडी येत नाही, पण शिकायची तयारी आहे.

प्रतिसाद

ताई, अकोलें असं लिहिलं असेल तर ते विदर्भातलं अकोला कशावरून? प्रवरेकाठचं अकोले, पूर्वीच्या नगर जिल्ह्यातलं, ते का नाही? खामगावच्या मामांमुळे तुम्ही सगळे वऱ्हाडाकडे बघत बसला असाल. आणि अकोले तालुक्याला लागूनच सिन्नर तालुका आहे. सिन्नरमध्ये 'वावी' नावाचं गाव आहे. डागाखालचं अक्षर 'वी' आहे का, एकदा बघा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडूनही लिहीत नाहीत, त्यामुळे पुढचा शब्द चिकटून आला असण्याचीही शक्यता धरा. वहीचा फोटो काढायला गुरुजी परवानगी देत असतील तर डागावर तिरपा उजेड पाडून काढा, शाईची खोच दिसते.

प्रतिसाद

हुद्द्यांच्या आडनावांबद्दल थोडं. एक हुद्दा म्हणजे एक घराणं, असं कधीच धरू नये. नाना फडणविसांचं मूळ आडनाव भानू. फडणीस आडनाव लावणारे सगळे त्यांचे कुणी नव्हेत. मुजुमदार महाराष्ट्रात, मजमुदार गुजरातेत, मजुमदार बंगालात, हुद्दा एकच आणि रक्ताचा संबंध काही नाही. तुम्हाला भेटलेल्या दोघा डबीरांचं गोत्र वेगळं निघालं, त्याचाही अर्थ बहुधा हाच. निरनिराळ्या दरबारांत निरनिराळे डबीर होते आणि प्रत्येकाच्या मागे एकेक घर उभं राहिलं.

आणखी एक सावधगिरी. कागदात वडिलांच्या नावावरून आलेलं 'सोनदेव' दिसलं की लगेच सोनोपंत डबीरांचं घर समजू नका. आबाजी सोनदेव, निळो सोनदेव हे वेगळं घराणं. राज्याभिषेकाच्या वेळी दोन रामचंद्रपंत होते, तुमचे म्हणता ते रामचंद्र त्र्यंबक सुमंत, आणि दुसरे रामचंद्र नीळकंठ अमात्य, 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरचा ग्रंथ लिहिणारे. अनेक वंशावळींत या दोघांची गल्लत झालेली मी पाहिली आहे.

कागदांचं म्हणाल तर घराण्याला कधी इनाम जमीन असेल, तर पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, चौकशी करा. १८५२च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने घराण्यांकडून सनदा आणि कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, मागवल्या होत्या. कैफियतीत माणूस आपल्या चार-पाच पिढ्या आणि गाव स्वतःच सांगतो, कारण तसं सांगितल्याशिवाय इनाम टिकणार नव्हतं. भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी वाचणारे भेटतील.

प्रतिसाद

मी चेन्नईत असते, सासर तंजावरी मराठी. कुंभकोणमच्या त्या रस्त्याचं नाव व्यंकोजीराजांच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या, वंशाच्या राज्यातल्या हुद्द्यावरून आहे. तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५पर्यंत टिकलं, आणि त्यांच्याही दरबारात डबीर होतेच. पण इकडून परत महाराष्ट्रात गेलेली घरं फार थोडी, आणि गेली तरी बोलण्यात, स्वयंपाकात काहीतरी खूण राहते. तुमच्या आत्यांना विचारा, आंबट वरणात चिंचेबरोबर वाटलेलं धणं-खोबरं घालायची पद्धत घरात होती का? सणाला तमिळ नावाचा एखादा पदार्थ? तसं काहीच नसेल तर तंजावर बाजूला ठेवा. असेल तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद आहेत, मी जाऊन विचारेन.

आणि शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन्ही प्रकारांनी टाका, मधला ई एका 'आय'ने आणि दोन 'ई'नेही. इकडे बहुतेक जण दुसऱ्या प्रकाराने लिहितात. उर्दू वळणाच्या याद्यांत 'द'ने सुरू होणारं दबीर मिळेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. अकोल्याचं वाचल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आजोबा तापात असताना एकदा 'प्रवरेला पूर आलाय' असं बडबडले होते, आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं होतं, प्रवरा ही कुणी बाई असेल. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. सत्तर वर्षांत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत्याला फोन केला. वरणात धणं-खोबरं नाही, सणाला तमिळ पदार्थ नाही. ती जरा नाराज झाली, पण "मग गाव सापडलं की मलाही न्या" म्हणाली.

गुरुजींनी फोटोला हो म्हटलंय, फक्त आमच्या घराण्याच्या नोंदीचा. पुढच्या शनिवारी त्र्यंबक, तिथून वावी, आणि रविवारी प्रवरेकाठचं अकोले. बाबा हट्टाने बरोबर येताहेत. घंगाळही घ्यायचं म्हणताहेत, जुनी माणसं निदान भांड्यावरचं नाव ओळखतील म्हणून. अकोल्यात किंवा वावीत जुन्या वाड्यांची, देवळाच्या वर्गणीच्या वह्यांची, तांबटांच्या जुन्या दुकानांची माहिती असलेलं कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबांना फार चालवत नाही, त्यामुळे आधी ठरवून गेलेलं बरं.