सुरुवात तोतोरोपासून करा
जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे अ‍ॅनिमेशनपट पहिल्यांदाच बघणाऱ्यांनी सुरुवात कशाने करावी? काही जण नवख्यांना आधी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' बघायला सांगतात. सिनेमा थोरच आहे, पण सुरुवात त्याने नको. त्यातल्या युद्धकाळातल्या दोन भावंडांची उपासमार बघून जीव इतका कासावीस होतो की पुढचं काही बघावंसंच वाटत नाही. १९८८ मध्ये जपानात तो आणि दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो' जोडीनेच लागले होते. नवख्यांनी त्यातला तोतोरो घ्यावा. पावसात बसस्टॉपवर सात्सुकी ही मुलगी तोतोरो या अवाढव्य प्राण्याला बाबांची छत्री देते. छत्रीवर थेंब टपटपतात, तो आवाज त्याला इतका आवडतो की तो दाणकन उडी मारून झाडांवरचं सगळं पाणी खाली पाडतो! खलनायक नाही, मारामारी नाही, तरी पोरं जागची हलत नाहीत. मग 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', आणि 'स्पिरिटेड अवे' त्यानंतर. शक्यतो मूळ जपानी आवाजात, सबटायटल्स लावून बघा.