मदत हवी आहे: घरी शॉर्टवेव्ह रेडिओ बनवला, शिट्टीच येत नाही

शेंगाचटणी: तीन रविवार गेले. एका ट्रान्झिस्टरचा रिजनरेटिव्ह रिसीव्हर (फीडबॅकने तोच सिग्नल परत परत वाढवणारा) जोडलाय, पुढे एलएम ३८६ ॲम्प्लिफायर आणि हेडफोन. फीडबॅक वाढवला की जी शिट्टी यायला हवी ती नाही, शॉर्टवेव्हचं एकही स्टेशन नाही. सर्किट बरोबर आहे, चारदा तपासलं. जरा लवकर सांगा, परत सोमवार येईल.

बीसी५४७: कोणता ट्रान्झिस्टर? कॉइलचे वेढे किती? सप्लाय कशावर? "सर्किट बरोबर आहे" असं सगळेच म्हणतात.

शेंगाचटणी: बीएफ ४९४. मोबाईलचा चार्जर. एरियल गच्चीवर, टाकीपासून जिन्यापर्यंत. कॉइल नेहमीसारखीच.

बीसी५४७: नेहमीसारखी म्हणजे कशी हो? आधी चार्जर काढा, ९ व्होल्टची बॅटरी लावा. मग टिकलरची, म्हणजे फीडबॅकच्या छोट्या कॉइलची, दोन टोकं अदलाबदल करा. टिकलर उलटी जोडली गेली की फीडबॅक सिग्नलला जोर द्यायच्या ऐवजी मारतो. शिट्टी कुठून येणार?

लूमवाला: सोलापूरच्या पूर्व भागात राहतो का? आमच्याकडे लूम चालू असले की रेडिओत नुसती खरखर. लाइट गेली की मग सगळं स्वच्छ! सोड बे ही भानगड, एसडीआर डोंगल घे, कॉम्प्युटरला लावला की झाला रेडिओ.

बीसी५४७: त्यांना बनवायचाय, विकत नकोय.

लूमवाला: रिजनरेटिव्हच्या १९१४ च्या पेटंटवर अजून किती दिवस बसणार?

नाना_गिरणीवाले: आमच्या चाळीत एकच मर्फी रेडिओ होता. बुधवारी आठला बिनाका गीतमाला लागलं की जिन्यात माणसं. पोस्टात रेडिओचं लायसन्स भरावं लागायचं. तुम्ही काढलं का?

बीसी५४७: नाना, नुसतं ऐकायला आता लायसन्स लागत नाही. पण शिट्टी मारणारा रिजनरेटिव्ह एरियलमधून स्वतःच थोडं प्रक्षेपण करतो. म्हणून एरियल थेट जोडू नका, मध्ये १० पीएफचा कंडेन्सर टाका.

शेंगाचटणी: टोकं बदलली, बॅटरी लावली. शिट्टी आली!! पण स्टेशन अजून तेच एक. गँग (ट्यूनिंगचा कंडेन्सर) पूर्ण मिटवली की कन्नड. आई म्हणते तुरीचे भाव सांगतायत.

नाना_गिरणीवाले: काय भाव म्हणाले?

बीसी५४७: कन्नड येतंय हे आत्ता सांगताय? ते मिडियम वेव्ह असणार. कृपा करून वेढे मोजा.

शेंगाचटणी: ६५. २५ एमएमचा पीव्हीसी पाइप, २४ गेजची तार. उरली होती, म्हणून सगळीच गुंडाळली.

बीसी५४७: अहो! ३६५ पीएफची गँग असेल तर तुम्ही १.१ ते ३.६ मेगाहर्ट्झमध्येच फिरताय. १२ वेढे ठेवा, म्हणजे साधारण ४ ते १२ मिळेल. ४९, ४१, ३१ मीटरचे शॉर्टवेव्ह बँड त्यातच आले. टिकलर ४ वेढ्यांची, अर्थच्या टोकाजवळ. आणि दुपारी नको, अंधार पडल्यावर बघा.

लूमवाला: डोंगलला वेढे मोजावे लागत नाहीत.

शेंगाचटणी: केले १२. काल रात्री चिनी बाई बोलली, मग कुणाचं तरी भजन! पण गँगजवळ हात नेला की स्टेशन पळतं. आता हे काय नवीन?

बीसी५४७: हात जवळ आला की ट्यूनिंग हलतं, अर्थ केलेला पत्रा ते अडवतो. पुढचं पॅनल कशाचं आहे? पत्र्याचं ना? अर्थला जोडलंय?

शेंगाचटणी: आइस्क्रीमचा डबा आहे. प्लॅस्टिकचा.