अनुभव धागा : अल्बममध्ये न मावणारी तिकिटं

मंडळी, टपाल तिकिटांचा विषय निघाला की गाडी लगेच 'सगळ्यात महाग कुठलं' याच्यावर जाते. इथं ते नको. नेहमीच्या अल्बममध्ये कुठल्या पानावर लावावं हेच कळत नाही, असं तुमच्याकडचं तिकीट सांगा. कोर्ट फीचं, पावतीवरचं, देणगीचं, काहीही चालेल.

सुरुवात मी करतो. कोल्हापूर संस्थानानं टपालाची स्वतःची तिकिटं काढली नाहीत. सातारच्या पलीकडच्या भोरनं १८७९ मध्येच काढली होती. आपल्या कोल्हापुरात कोर्ट फीची तिकिटं मात्र संस्थानाची, छत्रपतींच्या छबीची. माझ्याकडचं एक अजून वाटणीच्या अर्जावरच आहे. मजकूर मोडीत, आणि तिकिटाला मधोमध भोक. टपालाची तिकिटं जमवणारे असल्या तिकिटाकडं ढुंकून बघत नाहीत. पण कोर्ट फीचं तिकीट रद्द करायचं ते भोक पाडूनच, म्हणजे ते कागद घेऊन खरंच कुणीतरी कचेरीत उभं राहिलं होतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवरचे असे कागद अजूनही रद्दीत निघतात.

मूळचा निपाणीचा, आता राजारामपुरी

आमच्या पणजोबांची तंबाखूची पेढी होती. निपाणी तेव्हा ब्रिटिश मुलखात, बेळगाव जिल्ह्यात. माळ्यावरच्या ट्रंकेत सुतळीत ओवलेल्या पावत्यांचा गठ्ठा सापडला. शेतकऱ्याला पैसे दिले की त्याच्याकडून लिहून घ्यायचं, आणि रक्कम वीस रुपयांच्या वर असली की एक आण्याचं तिकीट लावायचं. बघितलं तर तिकीट टपालाचंच! मग कळलं, १९०६ पासून अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर 'टपाल' आणि 'महसूल' हे दोन्ही शब्द इंग्रजीत छापायला लागले होते. तेच तिकीट पत्राला चालायचं, तेच पावतीला. गठ्ठा चाळताना आधी सातवा एडवर्ड दिसतो, पुढं पाचवा जॉर्ज. आणि राजाच्या तोंडावर शेतकऱ्याचा काळा अंगठा, अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर. एका घरातल्या बापाचा अंगठा आहे आणि पुढच्या पावत्यांवर त्याच्या मुलाची मोडीत सही. ही दोन पानं मी तासन्‌तास बघत बसतो. पत्रावरच्या तिकिटावर फक्त पोस्टाचा शिक्का असतो, इथं माणूसच आहे.

निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

दादा, टी.बी. सील राहिलं, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या कामाला देणगी म्हणून विकलं जाणारं, पाकिटावर चिकटवायचं तिकीट. २ ऑक्टोबरच्या सुमारास मोहीम सुरू व्हायची आणि वर्गात आम्ही ती विकायचो. दोन आडव्या रेघांचा क्रॉस ही त्याची खूण. टपालखर्चात ते धरत नसत, तिकीट वेगळं लावावंच लागे. ही कल्पना डेन्मार्कच्या आयनार होल्बोल या पोस्टातल्या नोकरदाराची, १९०४ च्या नाताळातली. माझ्या विद्यार्थिनींनी दिवाळीच्या पत्रांवर लावलेली सील मी पाकिटांसकट जपली आहेत.

शाहूपुरी

मी १९७१ ची पाकिटं गोळा करतो. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबरपासून पत्राला पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं, ते ३१ मार्च १९७३ पर्यंत. खास तिकीट यायच्या आधी नेहमीच्याच पाच पैशांच्या तिकिटावर मदतीचा मजकूर छापून किंवा शिक्का मारून भागवलं. ठिकठिकाणचे शिक्के वेगळे, अक्षरांची ठेवण वेगळी. बाजारात त्यांना भाव नाही, त्यामुळं माझ्यासारख्याला मनसोक्त जुळवत बसता येतं.

इचलकरंजी

माझी दोनच, पण लई जिवाची. २०११ चं खादीवर छापलेलं गांधीजींचं तिकीट, दर्शनी किंमत शंभर रुपये. आमच्या घरात माग होते. भिंगातून बघितलं की छपाईच्या आधी मला ताणा-बाणाच दिसतो. वडिलांना दाखवलं तर त्यांनी आधी बोटानं पोत बघितला, मग चित्र! २००६ चं चंदनाच्या वासाचंही आहे, वास आता अगदी मंद झालाय. दोन्ही कशी ठेवावीत, दादा?

लक्ष्मीपुरी

भूतानचं रेकॉर्ड-तिकीट कुणी ऐकलंय का? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, प्लॅस्टिकचं, गोल, मधे भोक. ग्रामोफोनवर एलपी तबकडीच्या वेगानं लावलं की खरंच वाजतं. एका मित्राकडं त्यातून भूतानचं लोकगीत ऐकलं. खरखर होती, पण सूर कळत होते. तेव्हापासून मी त्याच्या शोधात आहे.

धागाकर्ता

इचलकरंजीच्या ताई, खादीचं आणि चंदनाचं अशी दोन्ही वेगवेगळ्या बटरपेपरच्या पाकिटांत ठेवा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. पावसाळ्यात आपल्याकडं हवा दमट, म्हणून कपाट भिंतीला चिकटून नको, आणि उघडीप मिळाली की पानं मोकळी करून घ्या.

निपाणीकर, ती तिकिटं पावत्यांवरून सोडवू नका आणि पावत्या सुतळीतून काढूही नका, ओवलेला क्रम मोडेल. आहे तशीच एकेक पान उलटून फोटो काढा. अंगठ्याशेजारी 'निशाणी' लिहून नाव असतं. मोडी वाचणाऱ्याला दाखवलंत तर त्या बापलेकांचं गावही लागेल.